‘कौटुंबिक’ या कोटीची उलटतपासणी : सोलापूर परिसरातील गृहानुभवाचा वाङ्मयेतिहास

१

मराठी समीक्षेच्या व्यवहारात ‘कौटुंबिक’ हे विशेषण वर्णनापेक्षा मूल्यमापनासाठी अधिक वापरले गेले आहे. एखाद्या कथेला वा कादंबरीला ‘कौटुंबिक’ म्हटले, की तिचे अनुभवविश्व आटोपशीर आहे, तिच्यातील ताण चार भिंतींच्या बाहेर जात नाहीत आणि तिचा वाचक दुपारच्या विसाव्याला सोबत शोधणारा आहे, असे तीन निष्कर्ष त्या एका शब्दात न सांगता येऊन बसतात. त्याच्या समोर ‘सामाजिक’ हे विशेषण उभे केले जाते, आणि गंभीर वाङ्मयाचा मान बहुधा त्याच्याकडे जातो. घरातील सुखदुःखे ही व्यक्तीची आणि समाजातील सुखदुःखे ही इतिहासाची, अशी एक वाटणी या विशेषणांच्या जोडीत गृहीत धरलेली असते.

मराठी भाषा मात्र ही वाटणी इतक्या सहज मान्य करीत नाही. ‘संसार’ या शब्दाने जन्ममरणाचा फेरा सांगितला जातो, आणि नवराबायकोने चार भांड्यांनिशी मांडलेले घरही. ‘प्रपंच’ म्हणजे दृश्य विश्वाचा पसारा, आणि चुलीभोवतीचा पसाराही. भाषेने ज्याला एकाच शब्दात ठेवले त्याचे समीक्षेने दोन तुकडे केले, हे लक्षात घेतले म्हणजे ही फाळणी केव्हा आणि कोणाच्या सोयीने झाली हा प्रश्न विचारावासा वाटतो.

आधुनिक मराठी कादंबरीच्या आरंभी ती झालेली दिसत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमूच्या या आत्मनिवेदनाचा मोठा भाग माजघर आणि स्वयंपाकघर यांतच घडतो. त्यातील क्रौर्यही सासू, सासरे, दीर, मामंजी यांच्या रोजच्या बोलण्यावागण्यातून येते. तरी अशा कादंबऱ्यांना हरिभाऊंनी दिलेले अभिधान होते ‘आजकालच्या गोष्टी’. म्हणजे घरात जे घडते तेच ‘आजकाल’ आहे, तेच समकालीन आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे मध्यमवर्गीय घर बऱ्यापैकी स्थिरावले, मासिकांचा वाचक वाढला, आणि घराविषयीचे लेखन हे स्थिरावलेल्या घराविषयीचे लेखन ठरत गेले. ‘कौटुंबिक’ या शब्दाला आलेला मवाळपणा हा त्या स्थिरतेचा परिणाम आहे. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गृहीत धरता येते त्याच्याच घरगुती सुखदुःखांना क्षुल्लक म्हणता येते.

या कोटीची उलटतपासणी करायची तर जेथे घर गृहीत धरता येत नाही अशा लेखनाकडे जावे लागते. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत असे लेखन लक्षणीय प्रमाणात आढळते. पंढरपूर आणि मंगळवेढा ही संतपरंपरेची गावे, अठराव्या शतकातील शाहिरी, गिरण्यांचे शहर, तारेच्या कुंपणातील वसाहत, आणि सांगोला, अक्कलकोट, करमाळा या तालुक्यांतून आलेली विसाव्या शतकातील आत्मकथने, इतका हा पट आहे. अर्थात जिल्हा ही प्रशासकीय सोय आहे. चौदाव्या शतकातील मंगळवेढे आणि विसाव्या शतकातील हन्नूर यांना एका अखंड परंपरेत ओवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. या संहिता शेजारी शेजारी ठेवल्या असता ‘कौटुंबिक’ या शब्दाचे काय होते, एवढेच येथे पाहायचे आहे.

२

पंढरपूरची मूळकथाच घरगुती आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला आहे, म्हणून दारी आलेल्या देवाला विटेवर थांबावे लागते. रखुमाई रुसून दिंडीरवनात निघून जाते, आणि तिच्या शोधात देव येथवर येतो. आजही रखुमाईचे मंदिर विठ्ठलापासून वेगळे आहे. मातापित्यांची सेवा आणि नवराबायकोतील रुसवा या दोन घटनांवर एका महाक्षेत्राची कल्पना उभी राहते. संतांनी प्रपंचाकडे पाठ फिरवून परमार्थ साधला या सर्वपरिचित सूत्राला या क्षेत्राची कथाच छेद देते.

नामदेवांच्या घराबाबत तर हे अधिकच खरे आहे. परंपरेने १२७० ते १३५० असा जीवनकाळ सांगितलेल्या या संतकवीच्या गाथेला जोडून त्यांच्या घरातील बहुतेक सर्व माणसांच्या नावावर अभंग आढळतात : आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, सून लाडाई आणि दासी जनाबाई. या सर्व रचना ज्याच्या त्याच्या आहेत असे मानण्यात अडचणी आहेत. हस्तलिखिते उत्तरकालीन आहेत, आणि विष्णुदास नामा या सोळाव्या शतकातील कवीच्या रचनाही नामदेवांच्या रचनांत मिसळल्या गेल्या आहेत. पण कर्तृत्वाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक वाङ्मयीन वस्तुस्थिती उरते. एका संताचे चरित्र सांगताना परंपरेला त्याच्या घरातील प्रत्येकाला स्वतंत्र आवाज द्यावासा वाटला. संताच्या परमार्थाची किंमत कोणी मोजली, हे त्या घरातल्यांच्याच तोंडून यावे, ही गरज परंपरेला जाणवली.

या आवाजांत गाऱ्हाणे हा प्रधान सूर आहे. आपला मुलगा शिंपीकाम सोडून देवळात बसतो, म्हणून गोणाई थेट विठ्ठलाशी भांडते आणि आपले मूल परत मागते. राजाई आपल्या नवऱ्याविषयीचे गाऱ्हाणे रखुमाईकडे नेते. तिच्या तक्रारीचा विषय वैराग्याची महती हा नाही. घरातले अन्नवस्त्र हा आहे. तक्रारीसाठी तिने देवाची निवड न करता देवाच्या बायकोची निवड करावी, यातील औचित्य सूक्ष्म आहे. नवरा घरात असून नसणे म्हणजे काय, हे वेगळ्या मंदिरात उभ्या असलेल्या रखुमाईखेरीज कोणाला कळणार? भक्तिवाङ्मयाच्या मांडणीत राजाईचा आवाज बहुधा अज्ञानी प्रपंचाचा आवाज म्हणून, पुढे परमार्थाने जिंकला जाणारा पूर्वपक्ष म्हणून वाचला गेला. परंतु पूर्वपक्ष इतक्या जिव्हाळ्याने कोणी जपत नाही. परंपरेने तो जपला, याचा अर्थ त्या तक्रारीतील सत्य तिला नाकारता आले नाही.

जनाबाईचे स्थान या घरात निराळे आहे. गंगाखेडहून लहानपणी दामाशेटीच्या घरी आलेली ही दासी घरातील आहे आणि घरची नाही. गोणाई आणि राजाई यांची तक्रार हक्काची आहे. मुलगा माझा, नवरा माझा, म्हणून तो मला द्या, असे त्या म्हणू शकतात. जनीजवळ असा हक्क नाही. तिच्याजवळ आहे ते काम : दळण, कांडण, झाडलोट, शेण, धुणे. या कामांत विठ्ठल तिला हात लावतो, तिच्याबरोबर दळतो, तिची वेणीफणी करतो. हे चित्र भक्तीच्या कोमलतेचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितले जाते. तथापि त्यातील गृहानुभव नीट पाहिला तर जे दिसते ते असे, की जनीला ज्या घराने कामकरी म्हणून जागा दिली त्याच घरात तिने आपल्यापुरता एक संसार मांडला आहे, आणि त्यासाठी तिला देवाला माणसात आणून आईच्या, सखीच्या, सोबत्याच्या कामाला लावावे लागले आहे. डोक्यावरून हात फिरवणारे कोणी असावे ही अगदी साधी घरगुती इच्छा. ती पुरवायला प्रत्यक्ष परमेश्वराखेरीज कोणी उपलब्ध नाही. घरगुती सुख ही क्षुल्लक गोष्ट असती तर तिच्यासाठी एवढा आटापिटा करण्याचे कारण नव्हते.

३

पंढरपूरहून जवळच असलेल्या मंगळवेढ्याला हा प्रश्न आणखी टोकाला जातो. चोखामेळ्याचे घर गावकुसाबाहेरचे. त्याच्या कुटुंबातही पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि तिचा पती बंका या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. नामदेवांच्या घराप्रमाणेच हेही एक ‘लिहिते’ घर होय. फरक एवढाच की या घराला गावात जागा नाही.

सोयराबाईच्या बाळंतपणाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चोखोबा घरी नाही, घरात दारिद्र्य आहे आणि प्रसूतीची वेळ येऊन ठेपली आहे. अशा वेळी विठ्ठल नणंदेच्या, निर्मळेच्या रूपाने येतो आणि सोयराबाईचे बाळंतपण करून जातो. देव भक्ताचे काम करतो हे सूत्र जनाबाईच्या अभंगांतून परिचित असले तरी येथे त्याला वेगळी धार आहे. जन्माची सोयर ही घरोघर पाळली जाणारी अस्पर्शता. महाराचे घर हे समाजाने कायमचे अस्पृश्य ठरवलेले. या दुहेरी विटाळात देव हात घालतो, तोही पुरुषाच्या वा राजाच्या रूपात नव्हे, नणंदेच्या रूपात. ज्या देवाच्या देवळाची पायरी या कुटुंबाला चढता येत नाही, तो देव त्यांच्या घरात नात्याने शिरतो. देवळाच्या दारातला नकार आणि घराच्या दारातला प्रवेश यांना एकत्र ठेवून सोयराबाईच्या परंपरेने जातिव्यवस्थेला जे उत्तर दिले ते बाळंतपणाच्या भाषेत आहे. त्याला ‘सामाजिक’ म्हणावे की ‘कौटुंबिक’? हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो, आणि तो निरर्थक ठरणे हाच या अभंगांचा वाङ्मयीन विशेष होय.

या बाळंतपणातून जन्मलेल्या कर्ममेळ्याच्या अभंगांत मात्र कृतज्ञतेपेक्षा संताप अधिक आहे. आपल्याला या कुळात का घातले, हा त्याचा देवाला प्रश्न आहे. आईने जो प्रसंग कृपा म्हणून अनुभवला त्याचीच मुलाने झडती घ्यावी, हा दोन पिढ्यांतील फरक एका घरात घडतो, आणि त्यामुळेच तो इतका मार्मिक होतो. परंपरा सांगते, की शके १२६०, म्हणजे १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या तटाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा तिच्याखाली सापडला. ज्या गावकुसाने त्याचे घर बाहेर ठेवले ते उभारतानाच त्याचा अंत झाला. आख्यायिकेला याहून मोठे भाष्य करावे लागले नाही.

मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा ही श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईच्या घरी राहणे म्हणजे आईचा धंदा चालवणे, आणि ते घर सोडणे म्हणजे बादशहाच्या जनानखान्यात जाणे, असे दोनच पर्याय तिच्यासमोर होते. तिने पंढरपूरच्या देवळात देह ठेवला असे सांगतात. विठ्ठलाला माहेर मानण्याची कल्पना संतवाङ्मयात सर्वत्र आहे. कान्होपात्रेच्या बाबतीत ती रूपक राहत नाही. तिला दुसरे माहेर नव्हतेच. पाच-सहा शतकांनंतर याच जिल्ह्यात आईच्या पेशाचे घर आणि मुलाचे घर हा पेच एका आत्मकथनात पुन्हा उभा राहतो, तेव्हा कान्होपात्रेची आठवण होणे अपरिहार्य आहे.

४

खुद्द सोलापूर शहरातील पहिला मोठा मराठी कवी म्हणून ज्याचे नाव घेता येईल तो राम जोशी घराबाहेर काढला गेलेला आहे, ही गोष्ट योगायोगाची असली तरी सूचक आहे. पुराणिकाच्या घरात जन्मून तो तमाशाच्या नादी लागला, म्हणून वडील भाऊ मुद्गल याने त्याला घराबाहेर घालवले; पुढे पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृत विद्या संपादन केली. पुराण आणि लावणी, ओसरी आणि फड, यांमधील उंबरठा त्याच्या चरित्रातच आहे. घराच्या प्रतिष्ठेने जे बाहेर टाकले ते लावणीच्या रूपाने त्याच घराविषयी बोलू लागते, ही प्रक्रिया शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

१८७७ मध्ये सोलापुरात कापडाची पहिली गिरणी निघाली आणि शहराचा कायापालट झाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कष्टकरी कुटुंबे येथे शेजारी आली. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या घरात हातमाग आणि चूल यांच्यामध्ये भिंत नसे. नवरा मागावर, बायको कांडी भरायला, मुले हाताशी, अशी ती रचना होती. पुढे विडी उद्योग वाढला तेव्हाही बाईने तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणून, घरकाम उरकता उरकता विड्या वळाव्यात अशीच घडी बसली. घर हे विसाव्याचे आणि बाहेर हे कामाचे ठिकाण, या ज्या विभागणीवर ‘कौटुंबिक’ वाङ्मयाची कल्पना उभी आहे, ती या शहरातील मोठ्या वस्तीला कधी लागूच पडली नाही.

आणि या शहरात एक वस्ती अशी होती, की जिच्या घरांभोवती तारेचे कुंपण होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली, आणि मुंबई इलाख्यात अशा जमातींच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक. सरकारला देखरेख हवी होती आणि गिरण्यांना मजूर; दोन्ही गरजा वसाहतीत भागल्या. तेथील कुटुंबांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यास परवाना लागे. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या माणसांना राज्यसंस्थेने सक्तीने घर दिले, आणि त्या घराचेच तुरुंगात रूपांतर केले.

मराठी वाङ्मयेतिहासात या वसाहतीला जागा मिळाली ती विभावरी शिरूरकर यांच्या ‘बळी’ (१९५०) या कादंबरीमुळे. सोलापूरच्या वसाहतीत काम करताना मालतीबाई बेडेकरांनी जे जीवन जवळून पाहिले ते तिच्यात आले आहे. लेखिकेच्या वाटचालीत या कादंबरीचे स्थान ठरवताना समीक्षा काहीशी अडखळलेली दिसते. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहाने सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या घरातील घुसमट उघड केली आणि खळबळ माजवली. ते लेखन स्त्रीचे, घरातले. आणि ‘बळी’ हे समाजाचे, घराबाहेरचे. म्हणून दुसऱ्या पुस्तकात लेखिकेने आपले क्षेत्र ओलांडले, असे म्हणण्याकडे कल असतो.

वस्तुतः दोन्ही पुस्तकांत एकच शोध चालू आहे. आईवडील मुलीच्या मिळकतीवर घर चालवतात आणि तिच्या लग्नाचा विषय लांबणीवर टाकतात, हे सांगताना विभावरींनी घर नावाच्या संस्थेतील देवाणघेवाण उघडी केली होती. ‘बळी’तील घर तर सरकारी आहे, तेथे जन्म, लग्न, भांडण, चोरून प्यायलेली दारू, रात्री घरी न परतलेला नवरा, सगळ्याची नोंद होऊ शकते. मध्यमवर्गीय घराच्या चार भिंती आतले दुःख लपवतात. वसाहतीतील घराला लपवण्यापुरतीही भिंत नाही. पहिल्या पुस्तकातील मुलीला घरातून मोकळे व्हायचे आहे, दुसऱ्यातील माणसांना घर मोकळे करून हवे आहे. हा फरक सामाजिक स्थानाचा आहे. अनुभवाची जात, म्हणजे नात्यांतून येणारी बंदी आणि नात्यांतूनच येणारा आधार, दोहोंकडे सारखीच आहे. हा कायदा देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कादंबरी त्याआधी दोन वर्षे आलेली होती. घराच्या प्रश्नावर काम केलेल्या लेखिकेलाच तारेच्या आतले घर दिसले, ही गोष्ट ‘कौटुंबिक’ लेखनाची मर्यादा नव्हे, त्याची पूर्वतयारी सिद्ध करते.

५

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोलापूर जिल्ह्यातील तीन गावांतून तीन आत्मकथने आली. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) सांगोला तालुक्यातील महूदच्या मुलीचे. आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) करमाळा तालुक्यातील नेरल्याचे. तिन्ही पुस्तके दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या प्रवाहात वाचली गेली, आणि ते योग्यच होते. पण या वाचनात त्यांचा ‘सामाजिक दस्तऐवज’ झाला, आणि त्यांतील घर पार्श्वभूमीला ढकलले गेले.

‘अक्करमाशी’ या नावातच नात्याचा हिशेब आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरतो तो कमअस्सल. पाटलाच्या पोटचा आणि महार आईचा मुलगा म्हणून निवेदकाला कोणत्याच घराचे पूर्ण वजन लाभत नाही. शाळेच्या कागदावर बापाचे नाव लिहायची वेळ आली, की घराचा प्रश्न थेट शासनव्यवहारात शिरतो. मात्र या पुस्तकाच्या केंद्रस्थानी एक घर आहे, आणि ते मराठी वाङ्मयातील अत्यंत विलक्षण घरांपैकी एक होय. आजी संतामाई आणि तिच्यासोबत राहणारा, हमाली करणारा मुसलमान दादा, या दोघांनी त्या मुलाला वाढवले. धर्माने, जातीने, लग्नाच्या दाखल्याने, कशानेच हे कुटुंब ठरत नाही. तरी मुलाच्या जेवणाची, आजारपणाची, शाळेची चिंता वाहणारे घर हेच. संतामाई शेणातून निघालेले जोंधळे धुऊन, दळून त्यांची भाकरी करते. ती स्वतः खाते आणि नातवाला दुसरी देते. नातू हट्टाने तिच्या भाकरीचा तुकडा घेतो तेव्हा त्याला शेणाचा वास येतो. शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांच्या उष्ट्यावर पोट भरून मुलगा घरी येतो, तर आई त्याला विचारते की त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस. या दोन प्रसंगांतील भुकेविषयी समीक्षेने पुष्कळ लिहिले. परंतु चांगली भाकरी कोणाच्या ताटात गेली, आणि मुलाला आपण एकट्यानेच खाल्ले याची लाज का वाटली, या बाबी घरगुती प्रेमाच्या आहेत. त्या वगळल्या तर भूक उरते, माणसे उरत नाहीत.

शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ चा. सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत १९४२ पासून त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले. निवृत्तीनंतर त्यांनी लेखन केले. दलित स्त्रीचे मराठीतील पहिले आत्मकथन म्हणून या पुस्तकाचा उल्लेख होतो. ‘चित्तरकथा’ हा शब्द चित्रकथीची आठवण देतो : एकेक चित्र समोर धरावयाचे, त्याची गोष्ट सांगावयाची आणि पुढच्याकडे जायचे. नाजा या मुलीची कथा तशीच सुटी सुटी चित्रे मांडत जाते; आईबापांची उपासमार, वर्गाबाहेर बसून घेतलेले शिक्षण, लग्न, नोकरी, पतीने केलेले दुसरे लग्न, माहेरचा आसरा, आणि पुढे बौद्ध धम्माचा स्वीकार. सवत येणे ही मराठी कौटुंबिक कथेतील जुनी, झिजलेली घटना. येथे ती नव्याने अर्थपूर्ण होते. कारण घरातून बाहेर पडणाऱ्या बाईजवळ स्वतःचा पगार आहे, आणि तो पगार तिला मिळवून देणारे शिक्षण तिच्या समाजाने लढून मिळवलेले आहे. गोणाई-राजाईजवळ गाऱ्हाण्याखेरीज साधन नव्हते; नाजाजवळ आहे. आंबेडकरी चळवळीचा इतिहास एका संसाराच्या मोडण्या-सावरण्यातून एवढ्या संयमाने क्वचितच सांगितला गेला असेल. कार्यकर्त्यांच्या चरित्रांत परिषदा आणि ठराव दिसतात. त्यांच्या घरातील चूल कोणी पेटती ठेवली आणि कोणत्या अपमानासह ठेवली, हे नाजा सांगते.

‘कोल्हाट्याचं पोर’मधील घराचे अर्थशास्त्र उफराटे आहे. कोल्हाटी समाजातील ज्या घरात मुली तमाशात नाचतात, तेथे मुलगी जन्मणे हा आनंद. कारण घर तिच्यावर चालणार. बाप आणि भाऊ तिच्या कमाईवर जगतात. विभावरींच्या मिळवत्या मुलीचा प्रश्न येथे उघड्यानागड्या रूपात दिसतो. नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या या मुलाचे बालपण आजोबांच्या घरी गेले. आई दुसऱ्याच्या आश्रयाला निघून गेलेली. पुढे मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झालेल्या, आणि २००७ मध्ये अकाली निधन पावलेल्या या लेखकाने नावात आईचे नाव धारण केले. पुस्तकभर व्यवस्थेविरुद्धचा रोष आहे, परंतु त्याच्या तळाशी आईने आपल्याजवळ असावे एवढी एकच मागणी आहे. सोडून गेलेल्या आईचेच नाव लावणे यात आरोप आणि माया या दोहोंचा उच्चार आहे. समाजशास्त्राच्या परिभाषेत पहिल्याची नोंद होते, दुसरीची होत नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ज्यांना येथे गृहानुभव म्हटले आहे ते वस्तुतः जात, वर्ग, लिंगभाव आणि राज्यसत्ता यांचेच अनुभव आहेत. घर हे केवळ त्यांचे घटनास्थळ आहे. मग त्यांना ‘सामाजिक’ म्हणून मोकळे व्हावे. ‘कौटुंबिक’ या बदनाम शब्दाचा आग्रह कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा पूर्वार्ध मान्यच करावा लागेल. तथापि ‘सामाजिक’ या कोटीतून वाचताना या संहितांचा अर्धा आशय निसटतो, आणि निसटणारा भाग बहुधा सुखाचा असतो. जनीची वेणी घातली जाणे, सोयराबाईच्या मदतीला नणंद येणे, दादाने नातवासाठी हमाली करणे, नाजाला माहेरी जागा मिळणे, ही या वाङ्मयातील सुखे. त्यांना अन्यायाचा पुरावा म्हणून उपयोग नाही, म्हणून साक्षीच्या टिपणात ती येत नाहीत. परंतु अन्यायाने नेमके काय हिरावले हे कळते ते त्यांच्यामुळेच. सुखाची नोंद न ठेवणारी समीक्षा दुःखाचे मोजमापही चुकीचे करते. दलित आणि विमुक्त माणसाला केवळ सोसणारा म्हणून वाचण्यात, त्याचे घर त्याच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतले जाते.

यातून ‘कौटुंबिक’ ही कोटी टाकून देण्याऐवजी ती पुन्हा बांधणे उचित ठरते. सोलापूर परिसरातील या संहितांत घर तीन रूपांत येते : हक्क म्हणून, जसे राजाईच्या गाऱ्हाण्यात, सक्ती म्हणून, जसे वसाहतीत आणि श्यामेच्या वा कोल्हाट्यांच्या घरात, आणि मागणी म्हणून, जसे जनी, कर्ममेळा आणि तिन्ही आत्मकथनांत. मध्यमवर्गीय कौटुंबिक वाङ्मयाने यांपैकी पहिल्या रूपालाच संपूर्ण घर मानले, आणि समीक्षेने त्या मर्यादेचे खापर विषयावर फोडले. विषय कधीच लहान नव्हता. त्याकडे पाहण्याची जागा आतली होती. घराबाहेर उभे राहून घराकडे पाहणारी माणसे लिहू लागली तेव्हा त्याच उंबरठ्याची उंची दिसली.

सोलापूरजवळच्या कुंभारी येथे महिला विडी कामगारांनी दीर्घ लढ्यानंतर उभ्या केलेल्या दहा हजार घरांचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले. त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे; ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता. त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली. विडी वळणाऱ्या हातांनी मागितलेली ही घरे वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येत नाहीत, असे कोणी म्हणेल. पण ज्या जिल्ह्यात एका दासीने घरपणासाठी देवाला जात्यावर बसवले, ज्याच्या वेशीबाहेर एका बाळंतिणीने देवाला नणंद केले, आणि ज्याच्या शहरात घरांभोवती तार ओढली गेली, तेथे चार भिंती आणि एक दार मागणे ही भाषेतील फार जुनी मागणी आहे. त्या दारामागे जी सुखदुःखे घडतील त्यांना ‘संसार’ असेच म्हटले जाईल, आणि त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतील.